आमच्या ‘हाव’चा अर्थ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमच्या संस्थेचे सचिव आदरणीय श्रीनाथराव साहेब, प्राचार्य डॉ. संगमेश सर, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो त्या सत्कारमूर्ती प्राध्यापिका इंदू कंधारकर मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, गुरुजन, मॅडमच्या घरची मंडळी आणि मागं दारात उभं राहून सारखं घड्याळ बघणारे माझ्या एसटीचे सोबती, आपणा सर्वांना माझा जय भीम आणि नमस्कार.

मी धम्मप्रिया गजभारे, बी.ए. तृतीय वर्ष, इंग्रजी. विद्यार्थ्यांच्या वतीनं दोन शब्द बोल, असं सूत्रसंचालक सिद्धराम सरांनी सांगितलं. गोड बोल, असंही सांगितलं. गोड भाषण मी पाठ करून आले होते. पण आताच साहेब बोलता बोलता म्हणाले, ब्रिटिश साहित्य मुलांनाच नको आहे, म्हणून जूनपासून हा विषय बंद करतो आहोत. ते ऐकलं आणि पाठ केलेलं सगळं गेलं.

मुलांना नको आहे, हे साहेबांना कुणी सांगितलं? आम्हीच. दिवाळीनंतर प्राचार्य सर वर्गावर आले. द्वितीय आणि तृतीय वर्षाचा तास त्या दिवशी एकत्र होता. ब्रिटिश साहित्य अवघड जातं का, असं सरांनी विचारलं. आम्ही अख्ख्या वर्गानं एका सुरात ‘हाव सर’ म्हणून होकार दिला. सर मान डोलावून गेले. मॅडम फळ्यापाशी उभ्या होत्या. निवृत्तीनंतरही तासिका तत्त्वावर येऊन शिकवीन, असं त्यांनी संस्थेला कळवलं होतं. त्याच दुपारी त्यांनी ते मागं घेतलं. मुलांना जड होत असेल तर मी कशाला, असं म्हणाल्या म्हणे.

आता साहेब, तुम्हीच सांगा. पोलीस भरतीच्या पोरांना विचारा, सोळाशे मीटर पळताना दम लागतो का? हाव म्हणतील. म्हणून कुणी भरती बंद करतं का? अवघड जातं, हे आम्ही सांगितलं. नको, असं आमच्यातलं कोण म्हणालं?

कुरकुर केली, लई केली. खोटं कशाला बोलू? गोऱ्या साहेबांच्या बंगल्यातल्या जेवणावळी वाचून हदगावच्या पोरींनी काय करायचं, असं मीच म्हणायचे. बाजारातलं गाईड मॅडम वर्गात आणू देत नव्हत्या, त्याचा तर सगळ्यांनाच राग. व्यंकटी, तू खाली बस, मीच सांगते. आमचा हा व्यंकटी एकदा चिडून म्हणाला, ह्या कवीला ऊन पडलं की आनंद होतो, ह्याला मे महिन्यात आपल्या स्टँडवर उभा करा एकदा. वर्ग हसला, मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, "हेच इंग्रजीत लिही. गाईडमध्ये सापडणार नाही." त्यानं चार ओळी लिहिल्या. चुका भरपूर होत्या, पण ओळी त्याच्या होत्या. तोवर आम्ही इंग्रजी फक्त उतरवून काढत आलो होतो.

माझं म्हणाल तर, एका कादंबरीत कामवाली मुलगी चहा घेऊन यायची आणि जायची, बस्स. मी विचारलं, मॅडम, हिचं नाव काय? मॅडमनी मागची-पुढची पानं चाळली. "लेखकानं दिलेलं नाही," त्या म्हणाल्या, "आणि इतक्या वर्षांत मलाही विचारावंसं वाटलं नाही." दुसऱ्या दिवशीचा अख्खा तास त्या मुलीवर झाला. माझी आजी जन्मभर दुसऱ्याच्या घरी राबली, तिलाही तिथं कुणी नावानं हाक मारली नाही. त्या पुस्तकाचा मला राग आला, तो अजून आहे. त्या रागातच मी ते शेवटपर्यंत वाचलं.

हो सिद्धराम सर, चिठ्ठी मिळाली. आटोपतेच.

मी तर यंदा पास होऊन जाईन. पण तिसऱ्या रांगेत महामाया बसली आहे, द्वितीय वर्षाची. इथला विषय बंद झाला तर तिला नांदेडला जावं लागेल. तिचे वडील म्हणून राहिलेत, हदगावपर्यंत ठीक, पुढं न्हाई. म्हणजे पोरगी घरी बसली. विषय बंद होणार अशी कुणकुण होतीच, आज सकाळी एसटीत तिनं माझा हात धरला. म्हणाली, "ताई, आपण त्या दिवशी हाव का म्हटलं गं?"

मॅडम, तुमचं कौतुक करायला मला उभं केलं होतं, ते राहूनच गेलं. पण आम्हाला तुम्ही नकोशा झालात, असं समजून घरी जाणार असाल, तर ही शाल घेऊ नका. जूनमध्ये महामाया आणि तिचा वर्ग पहिल्या तासाला येऊन बसणार आहे. तेव्हा फळ्यापाशी आम्हाला तुम्हीच पाहिजे आहात. आणि साहेब, मॅडम तयार होत्या. आता हा विषय चालू ठेवणं तुमच्या हातात आहे.

संस्थेनं माईक दिला आणि मॅडमच्या घरच्यांनी इतकी वर्षं मॅडम दिल्या, सर्वांचे मनापासून आभार. माझी बोली घसरली असेल, मोठ्यांचा मान राखण्यात कमी-जास्त झालं असेल, तर लेकरू समजून पोटात घाला. पण मागितलं ते मात्र चुकून मागितलेलं न्हाई.