शपथेवरचं ‘नाही’

डॉक्टर साहेबांच्या बाईसाहेब, सरपंच साहेब, आन् बपेऱ्याच्या मंडळी,

या शोकसभेत साहेबांच्या फोटोसमोर उभं राहाचा मले हक्क नाही. मी माईक घेतला तसे तिघं-चौघं उठून बाहेर गेले. दिसलं मले. त्यायचं बरोबर हाये. साहेबांवर वैद्यक परिषदेत तक्रार करनारा तो सोमा मीच. पन आज बोलू द्या. मंग हानाचं तर हाना.

माही बायको शेवंता तापानं गेली. तिले घरी आनलं तवा वैशालीनं, माह्या पोरीनं, विचारलं, "बाबा, डॉक्टरनं काही सांगतलं नव्हतं का?" मी म्हनलं, नाही. एवढंच म्हनलं. पोरगी शिकलेली. तिनं तक्रार लिहिली, मी सही ठोकली. काहून ठोकली? नाही म्हनून बसलो होतो न!

मंग समन्स आलं. साहेबांले बी, मले बी. हजर व्हा, जवळ असतील ते सगळे कागद आना. मी परिषदेच्या हापिसात फोन लावला, म्हनलं, तक्रार वापस घेतो. तिकडचा बाबू म्हनला, "तक्रार तुमची, पण चौकशी आमची. परिषदेला कोर्टासारखा अधिकार आहे. समन्स निघालं, आता यावंच लागेल." गेलो तर शपथेवर खोटं बोला, खरं बोललो तर पोरीले तोंड कसं दाखवू? सांगा, कुठं जाचं होतं मी?

तुमसर रोड टेशनावरून साहेब आन् मी एकाच गाडीत मुंबईले गेलो. त्यायनंच माह्यासाठी जागा धरली. म्हनले, "सोमा, शेवंताले भंडाऱ्याले ने म्हनून मी चिठ्ठी लिहून देली होती. हाये का तुह्याजवळ?" मी म्हनलं, नाही.  साहेब म्हनले, "हरवली असन." बस. परत विचारलं नाही.

परिषदेसमोर शपथ घेऊन बी मी नाहीच म्हनलं. पुढच्या तारखेच्या आधी साहेब गेले. आता चौकशी बंद होते म्हनतात. निकाल नाही, काही नाही. साहेबांच्या नावावरचा डाग तसाच.

चिठ्ठी हरवली नव्हती, मंडळी. हे पाहा, माह्या हातात हाये. तवा धानाच्या लावनीचा रोवना चालू होता. धानाचे रोप, परे, उपटून ठेवले होते. शेवंताच म्हने, "परे वाळतील, मी बरी हाये." मले तेच ऐकाचं होतं. चार दिवस गेले, मंग नेलं, तं वाटेतच माही शेवंता गेली.

वैशाली, उठू नको. बस बाई.

बाईसाहेब, तुमच्या पाया पडाची बी माही लायकी नाही. परिषदेले मी उद्या सारं लिहून पाठवतो. काय सजा द्याची ते देवो. पन साहेब निर्दोष होते, हे याच लोकायसमोर सिद्ध व्हाले पाहिजे.

चिठ्ठीतला पहिला शब्द ‘आजच’ हाये. खाली दोन रेघा. पुढचं माह्यानं वाचनं होत नाही. पोरी, तू ये, साहेबांचं अक्षर मोठ्यानं वाच. तुहं वाचून झालं का मंग आपन सगळे साहेबांच्या श्रद्धांजलीले उभे राहू.