आजाराचे नाव मराठीत नमूद करावे

आता पाहा, मलेरिया झाला तं मलेरिया चालते, टायफाइड चालते, स्लिप डिस्क चालते, आमच्या लेखा शाखेतल्या बंडूजीले पाइल्स झालतं तं त्यानं अर्जावर चक्क पाइल्स लिहिलं अन् दुपारच्या चहाच्या आत साहेबाची सही घेऊन मोकळा झाला. कोणी इचारलं त्याले, का हो बंडूजी, याले मराठीत काय म्हणतात? नाई इचारलं. अन् माह्याच अर्जावर लाल पेनानं शेरा... 'आजाराचे नाव मराठीत नमूद करावे.' मराठीत लिहा म्हणते! अरे, मराठीत बोलता आलं असतं तं मी चार दिवस रजा टाकून नागपूरले कायले गेलतो, राजेहो?

थांबा, पहिलेपासून सांगतो, नाईतं तुमाले वाटन हा माणूस उगाच चिल्लावून राह्यला. मी कृष्णकांत. घर नाचणगावले, पुलगावच्या बाजूले, अन् बावीस वर्षं झाले वर्ध्याले एका सरकारी ऑफिसात कारकून. कोणतं ऑफिस ते नाई सांगत, उद्या पुन्हा खुलासा मागतीन. वय सत्तेचाळीस, शुगर सहा वर्षांपासून, दिवसाचे चार खर्रे, सुपारी-तंबाखूचे, बाकी माणूस सज्जन. तं दोन वर्षांपासून काय झालं... ते आपलं... नवरा-बायकोतलं जे असते ना, ते बंद पडलं. समजले ना? समजलेच असान, काऊन की समोरचे दोघं तिघं खाली पाहाले लागले.

बायकोचं नाव लीना. लग्नाले अठरा वर्षं. पहिले पहिले ती काही बोलली नाई, मी म्हणो थकलो, ती म्हणे झोपा. मंग मी रोजच थकाले लागलो. मंग पोरीची दहावी आली, तं लीनानं आपली गादी पोरीच्या खोलीत नेली, म्हणे पहाटे उठवा लागते तिले. बरं, म्हटलं. मार्चात पेपर संपले, जूनमंधी पोरगी अकरावीले गेली, गादी नाई आली वापस. मी इचारलं? नाई इचारलं. इचारलं असतं तं तिनं काही इचारलं असतं, अन् ते मले पाह्यजेच नोतं. अन् एक दिवस मेथी निवडता निवडता, मान खाली घालून, मले म्हणते, "मी भंडाऱ्याले भावाकडं राहाले जाऊ का काही दिवस? तुमाले जरा बरं वाटन."

मले बरं वाटन म्हणते. म्हणजे तिच्या डोक्यात काय चालू होतं समजलं ना तुमाले? तिले वाटे हा माणूस मले कंटाळला. अन् मी इकडं याच धाकात का ही गेली तं माहं कसं होईन. दोघं एका घरात, मधात मेथीची जुडी, अन् एक जण तोंड उघडन तं शपथ. तवा मी ठरवलं, गुपचूप दुरुस्त व्हाचं. दुरुस्त झालो का सांगाचं कामच नाई पडत, झालं ना!

तं पहिले काय केलं, गाढवपणा केला. आपल्याकडं कोणत्याबी रस्त्यानं जा, भिंतीवर हातभर अक्षरात लिहून असते ना, मर्दाना कमजोरी, गुप्तरोग, निराश पुरुष एकदा अवश्य भेटा, दर मंगळवारी अमक्या लॉजवर. लहानपणी मी त्या भिंती वाचूनच जोडाक्षरं शिकलो. त्या लॉजवर गेलो, तिथं एक फेटेवाले वैद्य, त्याहिनं माही नाडी पाह्यली, डोळे पाह्यले, अन् असे पाह्यले माह्याकडं का जसं माहं तेरावंच करून राह्यले. "जवानीमे गलती किये हो." आता जवानीत मी काय गलती केली? स्पर्धा परीक्षा देत होतो मी जवानीत! एक काळी भुकटी देल्ली, ती घेऊन दीड महिना करपट ढेकर आले, अन् ढेकराशिवाय दुसरं काईच आलं नाई.

मंग गेलो नागपूरले खऱ्या डॉक्टरकडं. माह्या भाच्याएवढं पोरगं, हातात पेन, मान वर करून साफ इचारते, "अंकल, सुबह उठने पे होता है क्या? धीरे धीरे कम हुआ या अचानक? टेन्शन है? बीपी? छाती में दर्द?" जसं काही मोटारसायकलचं सांगून राह्यलो मी, का सेल्फ लागते का किक मारा लागते. अन् काय सांगू, मले बरं वाटलं हो! कोणी पहिल्यांदा सरळ इचारलं. मंग त्यानं रक्त घेतलं, तीन महिन्यांची सरासरी शुगर पाह्यली, कोलेस्टेरॉल पाह्यलं, हार्मोन पाह्यले, त्या जागची सोनोग्राफी करून रक्त कसं वाह्यते ते पाह्यलं. म्हणे शुगरनं नसा अन् रक्तवाहिन्या खराब होतात, तिथं पहिले समजते, हृदयाले मागून समजते, म्हणून ये इशारा है, अंकल. खर्रा बंद. रोज चालाचं. गोळी मी देईन, पण मेडिकलमधून मनानं घ्याची नाई, हृदयाची गोळी चालू असन तं ही जिवावर बेतते. अन् शेवटी म्हणे, "अगली बार मैडम को साथ लाना. अकेले का मामला नहीं है." मी म्हटलं हौ हौ. मनात म्हटलं, मॅडमले आणाचं असतं तं मी मॅडमले सांगितलं नसतं?

अन् त्यानं नाव सांगितलं, सर्टिफिकेटवर लिहूनबी देल्लं. इरेक्टाइल डिसफंक्शन. अहाहा. इंग्रजीत आयकलं अन् एकदम कसं, इस्त्रीचा शर्ट घातल्यासारखं वाटलं. कमजोरी नाई, गलती नाई, गुप्त नाई, डिसफंक्शन! ते सर्टिफिकेट घेऊन मी एवढा खूश झालो का तसंच नेऊन रजेच्या अर्जाले पिन मारली. तिथं नशीब फुटलं.

आमचे बापूराव, मुख्य लिपिक, तो लाल शेरा त्याहिचाच. माणूस वाईट नाई, पण नियमानं वागते, अन् नियमानं वागणाऱ्या माणसापुढं तुमी काय करता? मले बोलावलं. "कृष्णकांतजी, माझं वैयक्तिक काही नाही. परिपत्रक आहे, कामकाज मराठीत." मी म्हटलं, बापूराव, अन् बंडूजीचं पाइल्स? तं म्हणे, "तो रूढ शब्द आहे. हा रूढ नाही." रूढ नाई म्हणते! अर्ध्या ऑफिसात रूढ असन, कोणी सांगत नाई एवढंच.

बरं, आलमारीतून तो जाडा परिभाषा कोश काढला, धूळ झटकली, चष्मा लावला, अन् मोठ्यानं वाचाले लागले. दरवाजा उघडाच होता. बाजूले आवक-जावकच्या चारुता मॅडम, पंचवीस वर्षांची पोरगी, कंप्युटरवर बसून. "हे पाहा, नपुंसकता." मी म्हटलं, बापूराव, मले पोरगी हाय अकरावीत, हे नाई लिहिणार मी. "मग कंसात 'अंशतः' टाकू?" अंशतः! "बरं, वंध्यत्व?" ते वेगळं हो, ते पोरं न होण्याचं. "शीघ्रपतन?" तेही वेगळं. "अस्सं? तिन्ही वेगळे आहेत?" हौ, म्हटलं, तिन्ही वेगळे. आता मी त्या माणसाले ऑफिसच्या वेळात पुरुषाचे आजार समजावून सांगून राह्यलो, अन् तिकडं टायपिंगचा आवाज बंद झालता. "स्तंभनदोष हा शब्द चांगला आहे, पण दोष नको. सेवापुस्तकात दोष आला की पदोन्नतीच्या वेळी विचारतात, निवारण झालं का, कधी झालं, पुरावा जोडा." पुरावा कुठून जोडू मी, तुमीच सांगा. "लैंगिक दुर्बलता?" मी म्हटलं, त्यापेक्षा मले निलंबित करा. मंग बराच वेळ पानं उलटवली, अन् चेहरा खुलला त्यांचा. "ताठरतेचा अभाव! अभाव चालेल. निधीचा अभाव, कर्मचाऱ्यांचा अभाव, शासनाला अभावाची सवय आहे." मराठीत लिहा म्हणते! झालं एकदाचं मराठीत.

ते चारुता मॅडमनं टाइप केलं. बिचारीनं मान वर नाई केली, फक्त इचारलं, "सर, 'ताठरतेचा' आणि 'अभाव' जोडून का तोडून?" मी म्हटलं, बेटा, तुले वाटन तसं. मंग नत्थू, आमचा शिपाई, फाईल घेऊन निंगाला, आस्थापना, लेखा, उपअभियंता, साहेब, पुन्हा आस्थापना, असं करत सात टेबलं. चहाच्या वेळेले सगळे माह्यासोबत असे हळूहळू बोलाले लागले का जसा मी हॉस्पिटलात भरती हावो. एकानं उडदाचे लाडू सांगितले, एकानं कच्चा कांदा, अन् मी फाईलींचा गठ्ठा उचलाले गेलो तं नत्थू धावत आला, "राहू द्या बाबूजी, जड होईन तुमाले." अबे, हात बरोबर हायेत माहे!

अन् आठवड्यानं बापूराव. ऑफिसामागच्या नळापाशी मी हात धुऊन राह्यलो, मागून आले, इकडं तिकडं पाह्यलं, अन् ज्या आवाजात माणूस देवळात नवस बोलते ना त्या आवाजात, "ते नागपूरचे डॉक्टर... रविवारी बसतात का हो?" मी नंबर देला. रविवारी गेला असन, रजाच टाकली नाई. शहाणा माणूस हाय, मराठीत लिहाचं कामच नाई पडलं त्याले.

आता हे सगळं मी सहन केलं, का कायसाठी? घरी समजू नये म्हणून. ऑफिसात इज्जत गेली तं गेली, गोळी चालू होती, खर्रा सोडलता, सकाळी रेल्वे फाटकापर्यंत चालून येवो, लीनाले वाटे बीपीसाठी चालते. दोन-तीन महिन्यांची गोष्ट हाय, म्हटलं. पण रजेच्या फॉर्मवर एक रकाना असते, तुमाले माहीत असन, 'रजेच्या कालावधीतील पत्ता'. तिथं मी घरचा पत्ता लिहिलता. सगळेच लिहितात. अन् रजा नामंजूर झाली का पत्र रजिस्टर पोस्टानं त्या पत्त्यावर पाठवाचं असा नियम. मी त्याच ऑफिसात, त्याच खुर्चीवर, चारुता मॅडमपासून सहा फुटांवर बसून होतो हो, हातात देता आलं असतं... पण नियम. पोस्टमन दुपारी आला. सही लीनानं केली.

संध्याकाळी घरी आलो तं पत्र टेबलावर, उघडून. 'आपणास असलेला ताठरतेचा अभाव हा आजार गंभीर स्वरूपाचा नसल्याने व त्यामुळे कार्यालयीन कामकाजात कोणतीही बाधा येत नसल्याने आपली वैद्यकीय रजा नामंजूर करण्यात येत आहे.' गंभीर नाई म्हणते. अन् खाली, प्रत माहितीस्तव, आस्थापना शाखा, लेखा शाखा, उपअभियंता, निवड नस्ती. लीनानं त्या यादीवर बोट ठेवलं. "या सगळ्याहिले माहीत हाय?"

मी म्हटलं, ते ऑफिसचं काम असते...

"मले काऊन नाई पाठवली प्रत?"

चिल्लावली असती तं बरं झालं असतं. चिल्लावली नाई. खुर्ची ओढली, समोर बसली, अन् म्हणते, "मले वाचता येते. पण मले हे नाई पाह्यजे, हे त्याहिचं हाय. तुमी सांगा." तुमाले सांगतो, बापूरावले तीन आजारांतला फरक समजावून सांगणारा माणूस मी, सात टेबलांवर ज्याचा आजार फिरून आला तो माणूस, स्वतःच्या बायकोपुढं घामानं भिजला. म्हटलं, ते... अभाव... तं ती म्हणे, हा शब्द ठेवा तिकडं. शेवटी निंगालं. "मले होत नाई, लीना. दोन वर्षं झाले, मले होतच नाई. शुगरनं झालं. तुह्यात काही नाई, माह्यातच हाय." एवढंच. एक शब्द कोशातला नोता त्यात.

तिनं ते पत्र घडी करून बाजूले सारलं. मले वाटलं आता रडन, का उठून बॅग भरन, का मले मिठी मारन, आपण काय काय इचार करतो. तिनं फक्त एवढंच इचारलं, एकदम बारीक आवाजात, "मंग मी दोन वर्षं भात काऊन सोडला?"

मी म्हटलं, तू भात सोडला?

भंडाऱ्याकडची बाई हाय हो ती, धानाच्या गावातली, भाताशिवाय जेवण झालं असं जिनं जिंदगीत म्हटलं नाई. आपण जाड झालो म्हणून नवरा पाहात नाई, असं समजून दोन वर्षं दोन्ही टाइम माह्यासमोर बसून ज्वारीची भाकर खाऊन राह्यली. अन् मी रोज समोर बसून, तिच्याच हातचा भात खाऊन राह्यलो, अन् मले वाटे, तिले भाकर आवडाले लागली.