मार्तंडाची पाटी

मंडळी, टाळ मांडीवर ठेवा आणि मनाशी खरं बोला. शेजाऱ्याचं घर आपल्यापेक्षा हातभर उंच झालं, तर दुखतं कुठं? वर बघून मानेत, की आणखी कुठं? ते मागचे फेटेवाले हसले. त्यांच्या शेजारी बांधकाम चालू असणार!

तर ऐका. डोंगराच्या खिंडीत वावडगाव नावाचं गाव. वारा असा, की कोंबडीनं इथं घातलेलं अंडं खालच्या गावात सापडायचं. खोटं वाटतं? मी त्याची पोळी खाल्लीय. आणि जमीनही स्वस्थ नाही. वर्षातून दोनदा तरी अंग हलवायची, उतरंडीची मडकी वाजायची.

म्हणून गावाची एक रीत होती. कुणी पाया घेतला, की भावकीतल्या प्रत्येक घरानं आपल्या बांधावरचे पाटीभर दगड आणून त्यात टाकायचे.

इथं दोन चुलतभाऊ. मार्तंड थोरला, दाजीबा धाकटा. एकाच वर्षी दोघांनी शेजारी शेजारी घरं काढली. दाजीबा खणत सुटला. कमरेइतकं, छातीइतकं, थेट कातळ लागेपर्यंत! कोपऱ्यांना दोन्ही भिंतींत घुसणारे लांब दगड, भिंतींभोवती लाकडाचा पट्टा, छपराला भिंतीत पुरलेले लोखंडी आकडे.

मार्तंड काठावर उभा. "काय रे, घर बांधतोस का विहीर?"

"दादा, सगळ्यांच्या पाट्या पडल्या. तुझी तेवढी राहिली."

"आणि मग तुझं घर माझ्या दगडांवर उभं? सोड."

उलट दाजीबा स्वतःची पाटी घेऊन याच्याकडं आला, तर यानं ती वाटेतच ओतायला लावली. स्वतःचा पाया गुडघ्याएवढा! पण रोज सकाळी कळकाची काठी घेऊन दाजीबाची भिंत मोजायची, आणि आपली एक हात वर न्यायची. बायको, यमुनाबाई, म्हणाली, "अहो, खालचं काय?"

"खालचं कोण बघतंय? माणूस आढं बघतो."

पत्रे चढवले, त्यांवर दगड ठेवले. झालं घर! मार्तंड ओसरीवर बसून दाजीबाच्या आढ्याकडं खाली बघायचा. तेवढ्यावर त्याला जेवण जायचं.

एका दुपारी जमीन हलली. नुसती कूस बदलली नाही, चांगली उठून बसली! मार्तंडाची भिंत वरपासून खालपर्यंत फाटली. यमुनाबाई पोरं घेऊन धावली ती सरळ दाजीबाच्या दारात. मार्तंड मात्र उंबऱ्यावर उभा.

"दादा, ये की इकडं!"

"माझं घर आहे मला."

बघा मंडळी. डोक्यावर पत्रे नाचताहेत, पाठीशी भिंत ढासळतीय, आणि हा माणूस मरायला तयार आहे, पण भावाच्या घरात शिरायला नाही! तेवढ्यात खिंडीतला वारा आला. पत्रे उडाले, वरचे दगड धडाधड आत. एक खांद्याला चाटून गेला, तेव्हा पाय आपोआप पळाले.

आत आला. दाजीबाची भिंत गच्च. यमुनाबाईनं खांद्यावर हळद दाबली. आणि याची नजर? नजर भिंतीवर फिरतीय! ईशान्येच्या कोपऱ्यात बोटभर चीर दिसली, आणि काय सांगू, खांदा दुखायचा थांबला. "तुझंही फाटलं की रे, दाजीबा."

दाजीबानं चिरेवर हात ठेवला. "फाटणारच, दादा. तिथं पायात जागा मोकळी आहे. गवंडी भरून टाकतो म्हणाला. मी म्हटलं राहू दे, तिथं दादाची पाटी पडायचीय."

मंडळी, मार्तंडाची नजर त्या चिरेवरून खाली उतरली. खिंडीतला वारासुद्धा क्षणभर थांबला म्हणतात, पण वाऱ्याचं मी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यानं आपल्याच पडक्या भिंतीचे दगड पाटीत भरले, दुखऱ्या खांद्यावरून आणले आणि त्या कोपऱ्याखालच्या मोकळ्या जागेत घातले.

पुढं त्यानंही कातळापर्यंत खणलं. पहिली पाटी दाजीबाची. हेवा गेला? छे! दाजीबापेक्षा वीतभर जास्तच खणलं. घर मात्र दोन हात ठेंगणं ठेवलं.

आता तुमच्याकडं वळतो. घरी जाल तेव्हा शेजाऱ्याच्या आढ्याकडं बघालच, मला माहीत आहे. खुशाल बघा. पण मग नजर खाली आणा आणि आठवा, त्याच्या घराच्या पायात तुमच्या वाटणीची जागा अजून मोकळी तर नाही ना? देव त्या जागेपाशी बसलाय, मंडळी. रिकाम्या हातानं त्याचं नाव घेऊ नका. पाटी भरा, मग टाळ उचला.