दुसरं कोण धरून बसलंय?

लाइटवाला : परत तेच! ताई, मी निळा दिवा मागितला. तो येईपर्यंत नायिका स्टेजवर आली असती, रडली असती आणि चहा प्यायला परत विंगेत गेली असती.

सून : काका, बटण सारखं दाबू नका. मशीनला ऐकू आलंय. मेमरीतलं पान शोधायला वेळ लागतोय.

लाइटवाला : तासाभरात पहिली घंटा आहे. परवापर्यंत हे मशीन गपगुमान चालत होतं. तुमच्या कंपनीनं त्यात नवीन काय ते घातलं...

सून : कर्नल. मशीनच्या सगळ्या कामांवर देखरेख करणारा प्रोग्रॅम.

लाइटवाला : कर्नल असो नाहीतर मेजर असो, दिव्यांना शिस्त लावा म्हणावं!

सून : त्यातला मेमरी सांभाळणारा भाग माझाच आहे. म्हणून तर नाटक बघायला आलेली मी लॅपटॉप उघडून तुमच्या बूथमध्ये बसलेय.

सासू : तो भाग तुझ्याआधी माझा होता, हेही सांग त्यांना.

सून : आई! तुम्ही वर कशाला आलात? गुडघा दुखतोय ना?

सासू : खाली पहिल्या रांगेत बसले होते. डोक्यावरचे दिवे उचकी लागल्यासारखे करत होते. म्हटलं, ओळखीचं दुखणं दिसतंय.

लाइटवाला : या कोण?

सून : माझ्या सासूबाई. आमच्याच कंपनीत होत्या. त्या निवृत्त झाल्या आणि त्यांचं काम मला मिळालं.

सासू : काम आणि मुलगा, दोन्ही. मुलाबद्दल अजून तक्रार आलेली नाही.

लाइटवाला : बसा काकू, त्या खोक्यावर. यजमान आहेत का नाटकात?

सासू : दुसऱ्या अंकातला डॉक्टर. तीन वाक्यं आहेत. महिनाभर बाथरूममध्ये पाणी सोडून तीच म्हणतोय. आयुष्यभर ऑफिसात मान खाली घालून बसला, आता कुठे चार लोकांसमोर उभा राहतोय. त्याच्या तोंडावर अंधार पडला ना, तर घरी माझी धडगत नाही.

सून : नाही पडणार. हे बघा, रंगीत तालमीनंतरची स्थिती. सावल्यांची रांग शंभराच्या वर गेलीय.

लाइटवाला : सावल्या? अहो, तो माझ्या खात्यातला शब्द आहे.

सून : आमच्याकडेही आहे. सांगते. तुमचा प्रत्येक प्रकाशबदल म्हणजे एक वेगळा प्रोग्रॅम. तो मूळ प्रोग्रॅमची नक्कल म्हणून जन्माला येतो. पण खरीखुरी नक्कल करायची तर सगळी पानं उतरवून काढावी लागतील. तेवढा वेळ कुठाय?

सासू : म्हणून कर्नल नुसता आव आणतो. दोघांनाही एकच ऑब्जेक्ट वापरायला देतो. ऑब्जेक्ट म्हणजे, अमुक पानं कुठे आहेत आणि ती किती जण धरून बसलेत, याचा हिशेब. वाचा म्हणावं खुशाल, दोघंही.

सून : आणि एखाद्यानं लिहायला घेतलं, की तेवढ्या एका पानाची प्रत काढायची. ती ठेवायची वरच्या नव्या ऑब्जेक्टमध्ये. ती सावली. वर नसेल ते पान खालच्यात बघायचं.

लाइटवाला : म्हणजे जिलेटिन पेपरवर जिलेटिन पेपर.

सासू : अगदी! आणि बदल संपला, खालच्याला दुसरं कुणी धरून नाही असं दिसलं, की वरचं-खालचं एकत्र करून टाकायचं.

सून : ते एकत्र होतच नाहीयेत. त्यामुळे एक पान शोधायला शंभर थर उतरावे लागतात.

लाइटवाला : मग बंद करून चालू करा की! माझी बायको टीव्हीला तेच करते.

सून : पहिला अंक निघेल तेवढ्यावर. त्यात बदल कमी आहेत. पण दुसऱ्यात तुमचं वादळ आहे. दहा मिनिटांत परत थर साचतील.

सासू : आणि वादळ शमल्यावर डॉक्टर येतो. छान! धरणारे किती दाखवतोय तो?

सून : प्रत्येक खालच्या ऑब्जेक्टला दोन. हवा एक.

सासू : मग दुसरं कोण धरून बसलंय?

सून : राग मानू नका, आई. तुम्ही.

सासू : मी?

सून : तुमचा कोड. ही ओळ बघा. डिस्कवरून पान आणायच्या आधी ऑब्जेक्टवर एक जादा पकड घेतलीय. कशाला? वापरणाऱ्याची पकड असतेच ना? ही काढते, प्रश्न मिटेल.

सासू : हात लावू नकोस.

सून : आई, ही ओळ कामाची आहे की तुमच्या जिव्हाळ्याची?

सासू : दोन्ही. पान येईपर्यंत आपला कोड झोपलेला असतो, बरोबर? तेवढ्यात वापरणारा प्रोग्रॅम मेला, तर ऑब्जेक्टही जाईल. जागं होऊन आलेलं पान ठेवणार कुठे? माझ्या हातात? ती पकड काढलीस, की दिवे उशिरा येणार नाहीत. येणारच नाहीत.

लाइटवाला : ताई, ओळ राहू दे. माझं ऐका.

सून : काका, तुम्हाला काय कळलं त्यातलं?

लाइटवाला : "येणारच नाहीत" हे कळलं.

सासू : पकडलंय ते मी पुढे सोडलंय. शोध. त्याच फंक्शनच्या शेवटी.

सून : हो, आहे. सोडलंय. मग शेवटपर्यंत पोचत कसं... थांबा.

सासू : काय?

सून : काही नाही.

सासू : अगं, चेहरा बघ स्वतःचा. काय ते बोल.

सून : मधे एक वाट आहे. पान दुसऱ्या कुणी आधीच आणलं असेल, तर पुढचं काही न करता लगेच परत फिरायचं. पकड सोडायच्या आधीच बाहेर.

सासू : ही वाट माझ्या वेळी नव्हती.

सून : नव्हती. मी काढलीय, गेल्या महिन्यात. वेग वाढावा म्हणून. त्याबद्दल मला शाबासकीसुद्धा मिळाली!

लाइटवाला : हात्तिच्या!

सून : हसा, आई. एकदाचं हसून घ्या.

सासू : घरी गेल्यावर हसेन, सावकाश. वाट चांगली आहे तुझी. फुकटची खेप वाचते. मला सुचली नव्हती. फक्त निघताना हातातलं ठेवून निघ.

सून : एक ओळ घालायची. घातली. आता नवीन कर्नल बांधून घेते, आणि पहिला अंक चालू असताना लॅपटॉपवर तुमचं वादळ सोडते, काका.

लाइटवाला : सोडा. खऱ्या वादळाला आवाज आहे, एवढं मात्र लक्षात ठेवा. आणि मी आता मशीन बंद-चालू करतो, बायकोचं नाव घेऊन.

(मध्यंतर. बूथचं दार लोटलेलं. खालून प्रेक्षकांची गजबज ऐकू येते.)

लाइटवाला : पहिला अंक निघाला बुवा. शेवटी शेवटी धापा टाकत होतं. आता बोला, पटकन. कुठला कर्नल घालायचा?

सून : जुना या मेमरी कार्डावर आहे. आईंच्या वेळचा. वर्षानुवर्षं चाललेला आहे, पडणार नाही. पण त्यात फुकटच्या खेपा आहेत, वादळात दिवे थोडे मागे राहतील.

लाइटवाला : आवाज आधी, वीज मागून?

सून : तसंच. नवीन लॅपटॉपवर नीट चाललाय. कितीही बदल दिले तरी सावली मिटतेय, रांग वाढत नाही. पण लॅपटॉप म्हणजे तुमचं मशीन नव्हे. माझ्याखेरीज कुणी तपासलेला नाही. काका, जुनाच घाला. बाबांचा पहिला प्रयोग आहे. माझ्या चुकीवर आणखी माझाच प्रयोग नको.

सासू : इकडे दे तो लॅपटॉप. चष्मा... हं. आत शिरायची वाट एक. बाहेर पडायच्या... ही, ही आणि ही. तिन्हीवर सोडलंय. चूक झाली तर? हो, इथेही सोडलंय. झालं, तपासला.

सून : एवढ्यात?

सासू : वीस वर्षं हेच फंक्शन बघितलंय मी. त्यात काय बदललं ते लगेच दिसतं. नवीन घाला हो.

सून : आई, तुमचाच जुना हाताशी असताना?

सासू : मला वीज आधी हवीय आणि आवाज मागून. डॉक्टर यायच्या आधी लोकांना नीट घाबरू दे, म्हणजे त्याला बघून बरं वाटेल.

लाइटवाला : ठरलं. घातला. सुरू होतोय... झालाही! चला, तिसरी घंटा. आता कुणी माझ्याशी बोलायचं नाही.

सून : रांग एक... दोन... परत एक...

लाइटवाला : ताई, मनात मोजा. हं, वीज! आहाहा! बोट उचलायच्या आत आली की हो! परत! ही घ्या, अजून एक! खालची बाई दचकली, बघितलंत?

सून : परत एकावर. मिटतायत, आई. सगळ्या मिटतायत!

सासू : श्श! डॉक्टर आला. अगं बाई, हा कुठे चाललाय?

लाइटवाला : त्याचा दिवा दारापाशी आहे. हा खिडकीकडे निघाला!

सासू : घाबरला की डावीकडे वळतो. लग्नातही वळला होता.

लाइटवाला : थांबा, दारातला सोडतो, खिडकीतला घेतो... आला! क्षणात आला! प्रेक्षकांना वाटेल, दिग्दर्शकानंच सांगितलं होतं. दोन वाक्यं म्हणाला. तिसरं अडलंय.

सून : आठवेल त्यांना. दिवा आहे ना तोंडावर.

लाइटवाला : म्हणाला! "मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत." काकू, हे बघा, लोक टाळ्या वाजवतायत. तुम्ही इकडे स्क्रीनमध्ये काय डोकं घालून बसलात?

सासू : आकडा बघतेय. परत वाढला तर...

सून : आई, आकडा मी बघते.

सासू : नक्की?

सून : नक्की. तुम्ही बाबांकडे बघा.

सासू : बरं. मग जरा सरक. तू मधे आहेस, मला तो दिसत नाहीये.