डोमाजीनं परत पाठवलेली गाडी

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. दामोदरबुवा, मृदंगावरचा हात थांबवा — थांबवा हो, तुमचा हात एकदा सुटला की आवरत नाही! आता वाजवायचं नाही. आता ऐकायचं.

एक प्रश्न विचारतो. माणूस ओळखायचा कशावरून?

बोला की! गप्प का? बरं, सोपं करतो. ते खांबाला टेकून बसलेले पाहुणे — हो, तुम्हीच, पांढरी टोपी! गाडी आणलीय ना? नंबर सांगा गाडीचा. ...बघा! श्वास घ्यायला थांबले नाहीत, धडाधड सांगितला! आता सांगा, शेजारी बसलेल्या माणसाचं नाव काय? ...नाही माहीत? मघापासून त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलाय, महाराज! हसा, हसा. आख्यान सुरू होईपर्यंत हसून घ्या.

तर ऐका. इकडं आपल्या पूर्वेच्या टोकाला, झाडीपट्टीत, एक जंगल आहे. पलीकडं छत्तीसगड, वरच्या अंगाला मध्य प्रदेश. जंगलातून एक रस्ता जातो आणि रस्त्याच्या दोन टोकांना दोन नाके. नाका म्हणजे काय? एक आडवा बांबू, एक टिनाची खोली, एक खुर्ची. अलीकडच्या नाक्यावर डोमाजी कापगते. पलीकडच्या नाक्यावर इस्तारी. काम काय? गाडी आत शिरली की डोमाजीनं वायरलेसवर नंबर सांगायचा. तीच गाडी पलीकडं निघाली की इस्तारीनं सांगायचं, 'निघाली.' मध्ये वाघ आहे, बिबट्या आहे, चोरून लाकूड नेणारेही आहेत — आत गेलेली गाडी बाहेर आली की नाही, हे कळायला नको?

आणि डोमाजीला नंबर कसा कळायचा म्हणता! खुर्चीवर बसल्या बसल्या! त्याची खुर्ची ठेंगणी. नजर नेमकी बंपरवर. पहिली दोन अक्षरं — राज्य. एमएच असलं तर आपलं, सीजी असलं तर छत्तीसगड, एमपी तर मध्य प्रदेश. पुढचे दोन आकडे — कुठल्या आरटीओची. पस्तीस म्हणजे गोंदिया, छत्तीस म्हणजे भंडारा, एकतीस म्हणजे नागपूर. मग मालिकेची अक्षरं. त्यात ओ नसतो बरं का, आय नसतो. का? ओ दिसतो शून्यासारखा, आय दिसतो एकासारखा. घोळ नको! आणि शेवटी चार आकडे. झालं. या साच्यात बसला तो नंबर खरा. बसला नाही — गाडी मागं!

एवढा कडक का? सांगतो. एकदा एक जीप बनावट पाटी लावून आत गेली आणि बाहेर आली ती सागवान भरून. वनखात्याच्या साहेबानं सगळ्यांसमोर झापलं डोमाजीला. "पाटी पाहता येत नाही तर खुर्ची कायले गरम करता?" त्या दिवसापासून डोमाजीचं एकच — पाटी! आत मंत्री बसलाय की मांजर, त्याला देणंघेणं नाही.

पण मंडळी, हे झालं नोकरीचं. डोमाजी पाटी का वाचायचा, त्याचं खरं कारण दुसरंच होतं.

त्याला एक मुलगा. खुशाल. केंद्राच्या नोकरीत लागला — बदलीची नोकरी. आज इथं, उद्या तिथं. आई आजारी पडली तेव्हा तो लांब होता. निघाला, गाड्या बदलत आला. पोचला तेव्हा सरण विझलं होतं. आणि डोमाजीनं काय करावं? पोराला पोटाशी धरावं की नाही? अख्ख्या गावासमोर म्हणाला —

"आता कायले आला? तू आता परका माणूस हायेस."

खुशालनं पिशवी खांद्यावरून उतरवलीही नव्हती. तसाच फिरला.

रागात बोललेलं मागं घेता येतं हो! पण कधी? समोर माणूस असेपर्यंत. डोमाजी दुसऱ्या दिवशीच आतून मोडला. पण फोन करील? छे! बाप ना तो! आपल्याकडं बाप फोन करत नाही, बाप 'फोन आला होता का' असं शेजाऱ्यांना विचारतो. गावचं कोणी सांगायचं, खुशाल रायपूरला आहे. मग डोमाजीची नजर सीजी झिरो फोर शोधायची. कोणी म्हणायचं, भोपाळला गेला. मग एमपी झिरो फोर. ओडिशात म्हणे, संबलपूरकडं — मग ओडी पंधरा. गाडी लांबून दिसली की खुर्चीच्या काठावर. जवळ आली की पाटी. पाटी बरोबर जुळली की मग मान वर. आत कोणीतरी दुसराच. मान खाली. "जा!" बांबू वर.

दिवस असा जायचा. बोलायला कोण? वायरलेसवर इस्तारी. तोही काय बोलणार? नंबर! एक म्हणायचा 'गेली', दुसरा म्हणायचा 'निघाली'. टिनाच्या खोलीत एक ताट, एक लोटा, खुंटीला एक सदरा. जेवताना डोमाजी रेडिओ लावायचा — ऐकायला नाही, घास चावल्याचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून. एकटा माणूस काय काय करतो, मंडळी!

आता ऐका. नीट ऐका.

उन्हाळ्याचे दिवस. सकाळची वेळ. मोहाच्या फुलांचा वास सुटलाय. एक पांढरी गाडी आली, बांबूपाशी थांबली. डोमाजीनं पाटी पाहिली. आणि चमकला!

पाटीवर राज्यच नाही! आधी आकडे — बावीस. मग बीएच. मग चार आकडे. आणि अक्षर शेवटी! सगळं उलटं!

"हा नंबर नाई चालत," डोमाजी खुर्चीतूनच म्हणाला. "आधी राज्य पायजे. गाडी मागं घ्या."

गाडीतून एका बाईचा आवाज आला. मराठी तोडकी, बोलणं गोड. "बाबा, नंबर ठीक आहे. भारत सिरीज आहे. ज्यांची बदली होते ना सारखी, त्यांना देतात. राज्य बदललं तरी नंबर तोच राहतो."

"मले नका शिकवू. बीएच नावाचं राज्य सांगा कुठं हाये ते!"

"राज्य नाही, बाबा. हा नंबर सगळीकडचा आहे."

"सगळीकडचा म्हंजे कुठलाच नाई. खोटा हाये. मागं घ्या!"

काच खाली होती, मंडळी. चालवणारा गप्प बसला होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर. डोमाजीकडं बघत होता — टक लावून! बाई मात्र अगतिक झाली. म्हणाली, "बाबा, एकदा वर तर बघा ना!"

आणि डोमाजी काय म्हणाला?

"वर काय पाहू? वर नंबर रायते का?"

हसलात! मीही हसलो असतो. पण त्या गाडीत कोणी हसलं नाही. चालवणाऱ्यानं हळूच गिअर टाकला. गाडी मागं गेली, वळली, धूळ उडाली. डोमाजीनं ऐटीत वायरलेस उचलला. "इस्तारीभाऊ! खोट्या पाटीची गाडी परत पाठवली. बावीस बीएच, सहा एक चार शून्य, सी!"

पलीकडून खरखर. मग इस्तारी म्हणाला, "डोमाभाऊ, अरे, खरी रायते ते पाटी! नवी निघाली. मांगच्या हप्त्यात फौजेचा एक साहेब आला आमच्या गावात तशाच नंबराचा. बदलीवाल्यायले भेटते."

बदलीवाल्यांना...

डोमाजीच्या हातातला वायरलेस तसाच राहिला. पण मन कबूल करतं का लगेच? म्हणाला स्वतःशीच, बदलीवाले का कमी आहेत देशात! असेल कोणी.

दुपारी भागरता आली. फाट्यावर चहाचं दुकान तिचं, डोमाजीचा डबा तीच आणते. येताना तोंडभर हसत आली. "काय डोमाजी, गोड कराचं का आज? भेटला ना पोरगा?"

"कोण पोरगा?"

"कोण म्हंजे? खुशाल! सकाळी चहा पेला माझ्याकडं. बायको होती संगं, मांडीवर लहानशी पोरगी. इचारत होता, बाबा नाक्यावरच असते ना? म्हणे, मावशी, मी काई बोलणार नाई. नुसता समोर जाऊन उभा रायतो. पायतो, बाबा वळखते का."

बोला मंडळी, काय करावं त्या माणसानं?

डबा खाली ठेवला आणि डोमाजी पळाला. फाट्याकडं! अनवाणी! त्या उन्हात, त्या वयात! भागरता मागून ओरडतेय — "डोमाजी, गाडी गेली! केव्हाचीच गेली! माझ्या दुकानापुढून गेली, थांबली नाई! मले वाटलं, भेटून चालले!" तरी पळतोय. फाट्यावर पोचला. तिकडं बघितलं, इकडं बघितलं. डांबर तापून चकाकतंय आणि रस्ता मोकळा. तिथंच मटकन बसला.

भागरता आली, पाणी दिलं. आणि मग त्यानं तिला जे विचारलं ना, ते मी विसरू शकत नाही.

"भागरता, कसा दिसते आता खुशाल?"

नंबर पाठ होता! एक आकडा चुकला नसता! पण पोरगा वाळला की भरला? दाढी आहे की नाही? केस पिकले का? नात गोरी की सावळी? काही माहीत नाही! चार हातांवर बसला होता पोरगा, काच खाली होती — आणि बापाला ते चहावालीला विचारावं लागलं!

आता तुम्ही म्हणाल, बुवा, फोन नाही का केला? केला! भागरतेकडं खुशालचा नंबर होता. बाबांना काही लागलं तर कळव, म्हणून त्यानंच कधीतरी दिलेला. म्हणजे पोरगा विचारत होता हो! बापापर्यंत येत नव्हतं एवढंच. तिनं फोन लावला, डोमाजीच्या कानाला धरला. पलीकडून आवाज आला, "हॅलो?"

इतक्या वर्षांचं साठलेलं — कुठून सुरू करणार? आणि सुरू कुठून केलं बिचाऱ्यानं! म्हणाला —

"खुशाल... तो नंबर बरोबर होता रे."

मग खुशाल म्हणाला, "नंबर बरोबर होता, बाबा. अन् मी?"

अन् मी?

डोमाजी ढसाढसा रडला. त्या फाट्यावर, चहाच्या दुकानापुढं, चार गिऱ्हाइकांदेखत. "तू मले दिसलाच नाई, पोरा. ये. वापस ये." खुशाल म्हणाला, "पाहू." आणि फोन बंद.

पाहू! नाही म्हणाला नाही. येतो म्हणाला नाही. आता या एका शब्दावर तो माणूस दिवस काढतोय.

मला हे कुणी सांगितलं? ऐका. गेल्या साली पलीकडच्या गावात माझं कीर्तन होतं. गाडी नाक्यावर थांबली. खुर्ची रिकामी! एक म्हातारा उभा. तो आला, खिडकीपाशी वाकला आणि माझं तोंड न्याहाळायला लागला. मग मागच्या सीटवरच्या टाळकऱ्यांची तोंडं. एकेकाचं! मागं गाड्यांचे हॉर्न वाजतायत, त्याला पर्वा नाही. मी म्हटलं, "बाबा, नंबर पुढं आहे, बंपरवर."

तो म्हणाला, "तो पायतो मी मंग. आधी तुमी कोण ते पाऊ द्या."

परत येताना त्याच्यापाशी मुद्दाम उतरलो. त्याच्या टिनाच्या खोलीत बसलो, त्याच्या हातचा काळा चहा घेतला आणि हे सगळं ऐकलं. निघताना विचारलं, "आला का खुशाल?" त्यानं मान हलवली. नाही. आणि रस्त्यावर गाडीचा आवाज आला तसा हातातला कप तसाच ठेवून उठला, खिडकीशी वाकायला.

साहेब अजून रागावतो म्हणे, रांगा लागतात म्हणून. रागावू द्या.

आता माझं ऐका, मंडळी. डोमाजीला हसू नका. आपण तरी काय करतो? दारात माणूस उभा राहिला की आपण आधी काय विचारतो? कुठले तुम्ही? कुणाचे? कुठं असता, काय करता? साच्यात बसला तर या, बसा. नाही बसला — गाडी मागं! देव साच्यातच येईल असं कुणी सांगितलंय तुम्हाला? तो आपला येतो, समोर उभा राहतो आणि बोलत नाही. बघतो, हा ओळखतो का.

हे परक्यांचं झालं. घरच्यांचं सांगा! ज्याच्याशी बोलणं टाकलंय, असा एक तरी प्रत्येकाचा आहे. मान खाली घालू नका, मला सगळ्यांचे चेहरे दिसतायत इथून! भाऊ असेल, लेक असेल, सून असेल. त्याचं शेवटचं बोलणं तुम्हाला पाठ आहे, शब्दन् शब्द! पण तो आज कसा दिसतो, सांगता येईल? डोळे मिटा. आणा बघू तोंड डोळ्यांसमोर...

नाही येत ना?

मग आरतीला थांबू नका. देव रागावणार नाही, त्याची जबाबदारी माझी. उठा, ज्याच्या दाराशी जायचंय तिथं जा, आणि वर बघा. वाजवा हो दामोदरबुवा — हळू वाजवा. जाणाऱ्यांना जाऊ द्या!