फ्लेक्स आधी, वजन नंतर

ज्याने आपलं मन जिंकलं, त्याने तिन्ही लोक जिंकले!

मंडळी, हे वाक्य मी बावीस वर्षं सांगतोय. आणि आज पेटीवाले दहा मिनिटं उशिरा आले, तर त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हसू नका, पेटीवाले! सूर धरा.

तर आजचा प्रश्न असा — ऐन वेळी डगमगणारं मन स्थिर कशानं होतं? जपानं? तपानं? की आजूबाजूच्यांनी जरा तोंड मिटल्यानं? विचार करा. तोवर गोष्ट ऐका.

हिंगणवाडी नावाचं गाव. तिथं किमया खोत नावाची पोर. वय पंधरा, अंगकाठी काडेपेटीतली काडी. पण वजन उचलायची! साठ किलोची दांडी खांद्यावर घ्यायची आणि खांद्यावरून डोक्यावर! इथं मागे बसलेत काही जण, ज्यांना स्वतःचं जेवलेलं ताट उचलवत नाही. नाव घेत नाही. सौभाग्यवती बघतायत.

तिला शिकवायला अत्तार मॅडम. मॅडमनी दंड-मांड्या घडवल्याच, पण म्हणाल्या, "मनालाही तालीम लागते." रोज जमिनीवर खडूची रेघ ओढायच्या. "किमे, रेघेच्या अलीकडं काय रडायचं ते रड, घाबरायचं ते घाबर. मग तीन श्वास घ्यायचे, रेघ ओलांडायची. पलीकडं फक्त तू आणि दांडी."

आणि एक वही दिली — भीती लिहायची. पहिल्या दिवशी पोरीनं काय लिहिलं? "वजनाची भीती वाटत नाही. मामाची वाटते."

आता हा मामा कोण? दिलीपमामा! माणूस प्रेमळ. फार प्रेमळ. एवढा, की जिल्ह्याच्या स्पर्धेला चार दिवस असतानाच त्यानं चौकात फ्लेक्स लावला — "कु. किमया खोत हिने साठ किलो उचलल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" वर एकोणीस शुभेच्छुक, सगळे गॉगल लावून. पोरीचा फोटो खाली कोपऱ्यात, खिळ्याजवळ.

मंडळी, बारशाआधी पेढे वाटणारे पाहिलेत. पण हे म्हणजे लग्न ठरायच्या आत बारसं!

स्पर्धेचा दिवस उजाडला. वजन उचलायच्या संधी तीन. तिन्ही हुकल्या तर यादीतून नाव बाद, राज्यस्पर्धेच्या संघाचं दार बंद. आणि एकदा सांगितलेलं वजन पुढं वाढवता येतं, कमी करता येत नाही. म्हणून मॅडम म्हणाल्या, "पहिल्यांदा पन्नास लिहू. हातात येतं, धीर येतो."

मामा उसळला. "पन्नास? अहो मॅडम, फ्लेक्सवर साठ आहे!"

पोरीचे वडील बाळासाहेब. भला माणूस, दूध डेअरीवर कामाला. ते हळूच म्हणाले, "मॅडम, साठच लिहा. गावाला तोंड दाखवायचंय."

बापापुढं मॅडम काय बोलणार? लिहिले साठ!

पोरगी निघाली. गावातून दोन जीपा भरून माणसं आलेली. एकानं अंगारा लावला, दुसरीनं गंडा बांधला. आणि प्रत्येक जण एकच सांगतोय — "किमे, टेन्शन घेऊ नको हां!" किती जणांनी सांगितलं? अकरा! सहाव्यापर्यंत ती बरी होती. अकराव्यानं सांगितल्यावर पोरीला कळलं — म्हणजे टेन्शन घेण्यासारखं काहीतरी नक्की आहे!

खडूची रेघ? विसरली. श्वास? एकही घेतला नाही. दांडी खांद्यापर्यंत आली नि धाड! पंचांचे लाल दिवे.

दुसरी वेळ. मामा ओरडतोय, "उचल! फ्लेक्सची लाज राख!" धाड! पुन्हा लाल.

उरली एक संधी. हातात दोन मिनिटं. पोरीचे ओठ पांढरे. बाळासाहेब भिंतीला टेकलेले, म्हणतायत, "मीच केलं हे. मीच लिहायला लावलं."

मॅडम पोरीपुढं उकिडव्या बसल्या. उपदेश नाही, दरडावणी नाही. विचारलं, "काय दिसतंय?"

"मामा."

"अजून?"

"फ्लेक्स."

"दांडी?"

"...न्हाई."

"मामाचं वजन किती गं?"

पोरगी गोंधळली. "पंच्याण्णव."

"ते उचलायचंय?"

"न्हाई!"

"मग त्याच्याकडं कशाला बघतेस?"

आणि मंडळी, पोरगी हसली! त्या गदारोळात, अंगाऱ्याने माखलेल्या कपाळानं — खुदकन हसली. मॅडमनी तिच्या तळव्याला पकडीसाठी लावलेली पांढरी पूड बोटावर घेतली, फरशीवर रेघ ओढली.

मारुतिराया डोंगर घेऊन आकाशातून आला. वाटेत कुणी मामा भेटला होता का? "सांभाळून रे बाबा, गावात बोर्ड लागलाय" म्हणणारा? नाही ना? म्हणून पोचला!

एक श्वास. दोन. तीन. रेघ ओलांडली. इकडं मामानं तोंड उघडलं — बाळासाहेबांनी खांद्यावरचा टॉवेल त्याच्या तोंडात कोंबला! आयुष्यात पहिल्यांदा मेहुण्याला गप्प केलं त्यांनी. दांडी खांद्यावर. थांबली. आणि वर! हात सरळ, पाय जुळलेले. पांढरा दिवा, पांढरा दिवा, तिसराही पांढरा! वाजवा टाळ!

तिथल्या तिथं बसून बाप रडला. पोरगी म्हणाली, "पप्पा, टेन्शन घेऊ नका."

आता तुमच्याकडं वळतो. तुमच्या घरात दहावीचं पोर आहे, धावणारी मुलगी आहे, नाटकात काम करणारं कुणी आहे. ऐन वेळी तुम्ही काय करता? अंगारा, गंडा, सूचना, फोन, पुन्हा सूचना! पोराच्या मनाला तालीम द्यायला मॅडम मिळतील. तुमच्या जिभेला कोण देणार? रेघ पोरापुरती नसते, मंडळी. तुम्हीही तिच्या अलीकडंच राहायचं. मन पोरीचं, श्वास तिचा, दांडी तिची. आपलं काम टॉवेल धरायचं.

किमया राज्यस्पर्धेच्या संघात गेली. गावानं मिरवणूक काढली, हलगी लावली, मामानं दुसरा फ्लेक्स छापला.

तिच्या वजनगटात मुली दोनच होत्या. निवडायच्याही दोन. पंचवीस किलो उचलले असते तरी चाललं असतं.