दाराजवळचा दांडा

माझ्या बाबांच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी मी त्यांची छत्री घेऊन नागपूर महापालिकेच्या बाकावर बसले होते. शेजारी एक म्हातारे गृहस्थ आणि लॅपटॉप उघडून बसलेली त्यांची मुलगी.

"हे काय होय वं करुणा?"

"अंतराळयान, बाबा. सिनेमासाठी बनवून राहिली. दोनदा नापास झालं. आज जमलं नाही तर काम दुसऱ्याले जाते."

"काहून नापास?"

"डायरेक्टर म्हणते, खोटं वाटून राहिलं."

"खोटंच तर आहे."

"मजाक नका करू, बाबा."

"बरं. किती वर्षं चालली हे गाडी?"

"सिनेमात? चाळीस."

"चाळीस वर्षं, अन् रंग असा कोरा? मी जिंदगीभर एसटीच्या वर्कशॉपात गाड्या रंगवल्या. एकाच ड्रायव्हरपाशी राहिलेली गाडी आली, का आम्ही ड्रायव्हरले न पाहता सांगत जाऊ, तो उंच आहे का बुटका."

"ते कसं?"

"चढताना दाराजवळचा दांडा धरते ना तो. त्याचा हात पोचते तेवढ्याच जागेचा रंग उडते, पत्रा चमकते. तुह्या यानात माणूस चढते कुठून?"

"इथून. दांडा आहे."

"मंग त्याचा रंग काढ. सगळा नको. हात पोचते तिथलाच."

"एवढ्यानं होईल?"

"करून तर पाय."

करुणानं दांड्याच्या त्या जागेचा रंग काढला आणि लॅपटॉप वडिलांकडे वळवला.

"पाहा, बाबा."

"हां. आता आत कोणीतरी आहे."

खिडकीतून माझ्या बाबांचं नाव पुकारलं गेलं. मी उठले. त्यांच्या छत्रीच्या मुठीवरचं पॉलिश अंगठ्याच्या जागी उडालेलं होतं. ती जागा सोडून मी मूठ थोडी खालून धरली.